गणपती ते गणपती, तेरा महिने

ताई, नमस्कार. आम्ही दोघं विलेपार्ल्याचे. ह्यांचं वय ७३, माझं ६८. मुलगा न्यू जर्सीत, तिकडचा नागरिक झालाय. त्याने अर्ज केला आणि २०२२ साली आम्हा दोघांना ग्रीन कार्ड मिळालं. तेव्हापासून वर्षातले पाच-सहा महिने तिकडे, बाकीचे इथे. गेल्या वर्षी २३ ऑगस्टला तिकडून निघालो, गणपतीच्या तीन दिवस आधी पार्ल्यात पोचलो. परतीचं तिकीट १० फेब्रुवारीचं होतं. जानेवारीत हे रिक्षातून उतरताना पडले. गुडघा आधीच झिजलेला, शेवटी बदलावाच लागला. तिकीट रद्द केलं. एप्रिलपर्यंत फिजिओ चालली. तोवर आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली, मग करारनामा, रजिस्ट्रेशन… अजून इथेच आहोत. हे म्हणतात, कार्ड वर्षभर चालतं, यंदाचे गणपती करूनच जाऊ. धाकटे दीर म्हणतात, सहा महिने उलटले तेव्हाच कार्ड गेलं. भिशीतली एक म्हणाली, विमानतळावर खोलीत बसवतात, सही घेतात आणि कार्ड काढून घेतात. मुलगा फोनवर ‘होईल गं सगळं’ म्हणतो, पण त्याचा आवाज मला कळतो. शिवाय माझी भाची टेक्सासला एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. तिला नोव्हेंबरात भावाच्या लग्नाला यायचंय, पण पासपोर्टावरचा व्हिसा संपलाय. तिने यावं का? आणि एक बारीकसा प्रश्न, हसू नका: कार्ड पर्समध्ये ठेवू की बॅगेत?
– एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

हसले नाही. त्या प्रश्नाकडे शेवटी येते. आधी तुमच्या मिस्टरांना माझा एक निरोप द्या: यंदाचं वर्ष तेरा महिन्यांचं आहे.

या वर्षी अधिक ज्येष्ठ आला. त्यामुळे गेल्या साली २७ ऑगस्टला आलेली गणेश चतुर्थी यंदा १४ सप्टेंबरला आहे. पंचांगाप्रमाणे ‘गणपती ते गणपती’ एक वर्ष खरं, पण अमेरिकेचं सरकार पंचांग बघत नाही. तुम्ही २३ ऑगस्टला निघालात, म्हणजे त्यांच्या हिशेबाने येत्या २२ ऑगस्टला वर्ष भरतं. त्यानंतर नुसतं ग्रीन कार्ड दाखवून परत जाता येत नाही. कार्डावर २०३२ छापलेलं असलं तरी नाही. ती तारीख कार्डाच्या नूतनीकरणाची, तुमच्या गैरहजेरीशी तिचा संबंध नाही. गौरी-गणपती करून निघालात तर विमान कंपनीच्या काउंटरवरच अडकाल, न्यूअर्कच्या विमानतळापर्यंत पोचायचा प्रश्नच येणार नाही. आणि दिवस मोजायचे ते अमेरिका सोडल्यापासून, मुंबईत उतरल्यापासून नव्हेत. एका दिवसाच्या फरकाने रडलेली माणसं मी पाहिली आहेत. फोर्टातल्या एका वकिलांच्या ऑफिसात परदेशी जाणाऱ्यांचे कागद लावण्यात माझी बावीस वर्षं गेली. मी स्वतः वकील नाही, पण कागद कुठे फाटतो ते मला ठाऊक आहे.

म्हणजे मिस्टरांचं ‘वर्षभर चालतं’ हे अर्धं खरं. दिरांचं ‘सहा महिन्यांत गेलं’ हेही अर्धंच.

सहा महिन्यांची गंमत अशी आहे. १८० दिवसांच्या आत परतलं, तर साधारणपणे तुम्ही घरी परतलेले रहिवासी. १८० च्या पुढे गेलं, की अधिकारी तुमच्याकडे नव्याने प्रवेश मागणारा माणूस म्हणून बघू शकतो. तेव्हा तो प्रश्न विचारतो, कागद मागतो, कधी आतल्या खोलीत बसवतो. तुमचे १८० दिवस १९ फेब्रुवारीला संपले. म्हणजे प्रश्न विचारले जाणार, असं धरूनच निघा. पण प्रश्न विचारले म्हणजे कार्ड गेलं असं नाही.

आता मुद्द्याचं बोलते. अधिकाऱ्याला दिवस मोजण्यात फारसा रस नसतो, ते संगणक त्याला सांगतो. त्याला एकच गोष्ट ठरवायची असते, तुमचं घर कुठे आहे. ग्रीन कार्ड म्हणजे दहा वर्षांचा टूरिस्ट व्हिसा नव्हे. ‘मी अमेरिकेत राहते, मुंबईला जाऊन-येऊन असते’ असं तुम्ही त्या सरकारला सांगितलेलं आहे. पार्ल्यातल्या, ठाण्यातल्या, पुण्यातल्या कितीतरी आई-बाबांचं खरं आयुष्य नेमकं उलट असतं. दूधवाला, डॉक्टर, पासबुक, भिशी, श्राद्धपक्ष, सगळं इथे, आणि कार्ड ‘हातचं जाऊ नये’ म्हणून दर सहा महिन्यांनी तिकडे तोंड दाखवायचं. सहा महिन्यांनी एकदा हात लावून आलं की झालं, ही समजूत फार जुनी आणि तितकीच चुकीची. दरवेळी पाच महिने एकोणतीस दिवसांनी परतणाऱ्या माणसालाही ‘तुम्ही इथे राहता कुठे?’ असं विचारता येतं. तुम्ही वर्षातले पाच-सहा महिने तिकडे काढत आलात, ही तुमची जमेची बाजू.

तुमच्याकडे एक कागद असा आहे की त्याची किंमत तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. १० फेब्रुवारीचं रद्द केलेलं तिकीट! १८० दिवस भरायच्या नऊ दिवस आधीचं. वेळेत परत जायचा तुमचा इरादा होता, हे त्यातून स्वच्छ दिसतं, आणि ते गुडघ्यानंतर जुळवलेलं नाही, आधीच काढलेलं आहे. ते तिकीट आणि रद्द केल्याची मेल, दोन्ही तारखांसकट छापून घ्या. सोबत हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड. सर्जनकडून इंग्रजीत एक पानाचं पत्र घ्या: पडल्याची तारीख, ऑपरेशनची तारीख, फिजिओ कधीपर्यंत, लांबचा प्रवास कधीपासून चालेल असं सांगितलं. फिजिओच्या पावत्या जोडा. हे सगळं ह्यांच्या फाइलीत.

आणि तुमची फाइल वेगळी. तुमच्या पत्रात सगळं ‘आम्ही, आम्ही’ आहे, पण तिथे प्रत्येकाचा दर्जा स्वतंत्रपणे पाहतात. ऑपरेशन ह्यांचं झालं, तुम्ही का थांबलात? उत्तर सोपं आहे: ७३ वर्षांच्या नवऱ्याला संडासला नेणारं दुसरं कोणी नव्हतं. पण ते तुम्हाला सांगता यायला हवं, म्हणून सर्जनच्या पत्रात ‘पत्नीच्या देखभालीखाली’ एवढे शब्द मागून घ्या.

आता एप्रिलनंतरचं काय? फेब्रुवारी ते एप्रिल गुडघ्याचे, मे आणि जून इमारतीचे. तिथे तुमची बाजू जरा पातळ होते. म्हणून इमारतीची गोष्ट लपवायची असं मात्र कुणी सुचवलं तर ऐकू नका. भारतात फ्लॅट असणं गुन्हा नाही. करारावर सही करायला मालक लागतो हे कुणालाही समजतं. खोटं बोलणं मात्र महाग पडतं. प्रवेश मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटं सांगितल्याचा शिक्का एकदा बसला, की तो आयुष्यभर आडवा येतो. ‘आधी गुडघा, मग घराचा करार, तो झाला आणि आम्ही परत आलो.’ एवढंच, याच क्रमाने. फक्त ‘झाला’ हा शब्द खरा असला पाहिजे. जागेचा ताबा देणं, भाड्याचे चेक घेणं, सोसायटीच्या सभा या उरलेल्या कामांसाठी दिरांच्या नावे कुलमुखत्यारपत्र करा, ते रजिस्टर करा आणि जुलै संपायच्या आत निघा. ऑगस्टवर टाकू नका. मुंबईच्या पावसात एक विमान रद्द झालं आणि ह्यांना ताप आला, की २२ तारीख हा हा म्हणता येते.

तिकडचे कागदही हवेत. तिथला पत्ता असलेलं ओळखपत्र, बँकेचं पासबुक म्हणा, स्टेटमेंट म्हणा, आरोग्य विमा, आणि मुख्य म्हणजे इन्कम टॅक्स रिटर्न. ग्रीन कार्डवाल्याला तिकडे रहिवासी म्हणून रिटर्न भरायचं असतं आणि त्यात जगभरची मिळकत दाखवायची असते. ह्यांचं इथलं पेन्शन आणि पार्ल्यातल्या एफडीचं व्याजसुद्धा. ‘नॉन-रेसिडेंट’ म्हणून रिटर्न भरलं असेल, तर आपण तिथे राहत नाही असं आपल्याच सहीने लिहून दिल्यासारखं होतं. दुसरं, भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एखादा दिवस जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर त्याची वेगळी माहिती दरवर्षी द्यावी लागते. रीडेव्हलपमेंटचा कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी रक्कम, एकदा खात्यावर आला, की ही रेषा सहज ओलांडली जाते. मुलाच्या सीएला आजच विचारा. हा विषय बापलेकांच्या फोनमध्ये नेहमी ‘नंतर बघू’वर जातो.

आता ती सही. भिशीतल्या मैत्रिणीचं ऐकून तुमची झोप उडाली असेल, पण तिने निम्मीच गोष्ट सांगितली.

त्या कागदाचं नाव फॉर्म आय-४०७. कायमच्या रहिवाशाचा दर्जा आपण होऊन सोडत असल्याची ती नोंद. ‘आपण होऊन’ हा त्यातला जीव. सही करायलाच हवी असं कोणी सांगू शकत नाही. नाही म्हणालात तर प्रकरण इमिग्रेशन जजपुढे जातं, आणि तुम्ही घर सोडलंत हे तिथे सरकारने सिद्ध करायचं असतं. कार्ड ठेवून घेतलंच, तर दर्जाचा दुसरा पुरावा मागायचा. माझ्या थोरल्या नणंदेने काही वर्षांपूर्वी असा कागद सही करून दिला. अठरा तासांचा प्रवास, व्हीलचेअर, समोर उंच टेबल. चष्मा वरच्या बॅगेत आणि बॅग ढकलगाडीवर भिंतीपाशी. ‘इथे, इथे आणि इथे’ असं बोट दाखवलं, यांनी आपल्या वळणदार अक्षरात तीनदा नाव लिहिलं. चहाच्या वेळी फोन करून मला म्हणाल्या, ‘काहीतरी हेल्थचा फॉर्म होता बहुतेक.’

म्हणून एक वाक्य दोघांनीही पाठ करा, पोस्टकार्डावर लिहून ठेवा: ‘आय डू नॉट विश टू साइन. आय वुड लाइक टू सी ॲन इमिग्रेशन जज.’ आवाज न चढवता. प्रश्न समजला नाही तर मान डोलवू नका. आपल्या आई-बाबांची ही सवय घातक आहे, न कळताच ‘येस, येस’. हिंदी किंवा मराठी दुभाषा मागा. ‘किती दिवस राहणार?’ हा साधा प्रश्नसुद्धा फसवा असतो. ‘चार महिने, मग परत मुंबईला’ असं जिभेवर येतं, कारण आपण पाहुण्यासारखा विचार करतो. पण तुम्ही खरोखर चार महिन्यांनीच परतणार असाल तर तेच सांगायचं, आणि मग हे कार्ड तुमच्यासाठी बरोबर आहे का हा प्रश्न मी तुम्हाला विचारीन.

फोनही बघू शकतात. कौटुंबिक ग्रुपवर ह्यांनी ‘अमेरिका म्हणजे सोन्याचा पिंजरा, तोंड दाखवून येऊ’ असलं काही लिहिलं असेल तर लिहिलं. पुसत बसू नका, त्याने संशय वाढतो. एका कागदावर मुलाचा आणि तिकडच्या इमिग्रेशन वकिलाचा नंबर लिहून खिशात ठेवा, कारण फोन हातात राहीलच असं नाही. त्या वकिलाशी निघण्यापूर्वी तासभर बोलणं तुमच्या बाबतीत पैसे वसूल करणारं आहे. इथल्या ‘सगळं करून देतो’वाल्या एजंटाशी नको.

काही कारणाने २२ ऑगस्ट टळलीच, समजा गुडघ्यात जंतुसंसर्ग झाला, तर रस्ता बंद होत नाही, अरुंद होतो. परतणाऱ्या रहिवाशाचा एसबी-१ व्हिसा अमेरिकी दूतावासात मागावा लागतो, आणि उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे दाखवावं लागतं. जंतुसंसर्ग चालेल. गणपती हाताबाहेरचं कारण आहे, हे बीकेसीतल्या व्हिसाच्या खिडकीपलीकडच्या माणसाला पटवणं कठीण. आणि तशी वेळ आली तर ह्यांच्यासाठी तुम्हीही थांबायचं का, हे आधी ठरवा. तुम्ही वेळेत गेलात तर तुमचं कार्ड तरी सुरक्षित राहतं.

तिकडे पोचल्यावर लगेच परतीची तिकिटं बघू नका. पुढे पुन्हा लांब मुक्काम होणार हे दिसतच आहे, नवी इमारत काही वर्षभरात उभी राहत नाही. त्यासाठी री-एंट्री परमिट असतं. अर्ज फॉर्म आय-१३१ वर, आणि तो करताना तुम्ही अमेरिकेत असणं सक्तीचं. मुंबईत बसून तो करता येत नाही, इथे निम्मे लोक फसतात. बोटांचे ठसे द्यायला बोलावलं तर ते देऊन मगच निघायचं. परमिट साधारण दोन वर्षांचं मिळतं आणि मुंबईतल्या दूतावासात ते मागवून घ्यायची सोय अर्जातच असते. त्याने वर्षाची अडचण सुटते. नागरिकत्वाचं घड्याळ मात्र ते थांबवून धरत नाही. सहा महिन्यांहून लांब पण वर्षाहून कमी गैरहजेरीने ते घड्याळ तुटलं असंच धरतात, तुटलं नाही हे तुम्ही दाखवायचं.

आणि दुसराही एक रस्ता आहे, त्याबद्दल आपल्याकडे कोणी मोकळेपणी बोलत नाही. कार्ड परत द्यायचं. भीतीने, झोपेत, विमानतळावर नव्हे; घरी बसून, विचार करून, तोच आय-४०७ भरून. मग टूरिस्ट व्हिसा मागायचा, नातवंडांना भेटायला जायचं, आणि दिवस मोजायची, टॅक्सची कटकट सुटली. व्हिसा मिळेलच अशी हमी नसते, हे खरं. पण नागरिक मुलाच्या आई-वडिलांना वर्षानुवर्षांची रांग नसते. पुढे तिकडे कायमचं राहायचं ठरलं तर मुलगा पुन्हा अर्ज करू शकतो. मला विचाराल तर तुमच्या पत्रात पार्ल्याचं नाव घेताना अक्षर जरा मोठं येतं. दोघांनी एका संध्याकाळी टीव्ही बंद करून बोला.

भाचीचं थोडक्यात. तिचा व्हिसा संपला म्हणजे तिचा तिथला मुक्काम बेकायदा झाला असं नाही. पासपोर्टावरचा शिक्का दारातून आत यायला, आणि आय-७९७ (एच-वन-बीच्या मंजुरीचा कागद) व आय-९४ (प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) आत राहायला. पण ती दाराबाहेर पडली की नवा शिक्का लागणारच, आणि तो इथून घ्यावा लागेल. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीशिवाय ड्रॉपबॉक्सने, म्हणजे नुसते कागद जमा करून, काम होणं बहुतेकांसाठी बंद झालंय. त्याच वर्षी १५ डिसेंबरपासून एच-वन-बीवाल्यांची सोशल मीडियावरची खातीही तपासायला लागले, तेव्हा त्या महिन्यातल्या कितीतरी मुलाखती मार्चवर आणि त्याही पुढे ढकलल्या गेल्या. लग्नासाठी तीन आठवड्यांची रजा काढून आलेली मुलं इथे आईच्या हातचं खात महिनोन्‌महिने बसली, तिकडे भाडं चालू. म्हणून तिच्या कंपनीने ‘अडकलीस तर इथून काम कर’ असं लेखी दिल्याशिवाय तिने येऊ नये, असं माझं स्पष्ट मत. ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असेल तर तिकीट काढण्याआधी वकिलाला विचारायचं, नंतर नाही. आलीच, तर परतल्यावर त्याच दिवशी आय-९४ ची तारीख बघायला सांगा. पासपोर्ट लवकर संपत असेल तर मुक्कामाची मुदतही तिथेच तोडून देतात, आणि मुलं आय-७९७ वरच्या तारखेवर निर्धास्त राहतात.

किरकोळ: ह्यांच्या औषधांचं मूळ पाकीट आणि प्रिस्क्रिप्शन हातातल्या बॅगेत. गुडघा सुरक्षा तपासणीत वाजणार, आधीच सांगा. दोघांचे मिळून दहा हजार डॉलरहून जास्त रोख असतील तर जाहीर करायचे, वाटून घेऊन चालत नाही. भाजणी, मेतकूट, लोणचं, जे असेल ते सांगून टाकायचं. आधीच शंकेने बघणाऱ्या अधिकाऱ्यासमोर लपवलेलं लोणचं सापडायला नको.

गणपतीचं म्हणाल तर ज्या घरात बसवायचा ते घर तोवर रिकामं करून दिलेलं असेल. यंदा मूर्ती धाकट्या दिरांकडे आणि मोदक न्यू जर्सीला, असं ह्यांना सांगून बघा.

आणि कार्ड पर्समध्ये. चष्मासुद्धा.